उघडी ठेवलेली वही

९ ऑक्टोबर

सूनबाई,

हे पत्र तुझ्या वकीलबाईंकडे देतेय. तुझा आत्ताचा पत्ता त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही. त्या म्हणाल्या, "द्या, पोचवते. वाचायचं की नाही ते ती ठरवेल." बाई सरळ आहेत. त्यांच्या कोटाचं अस्तर खांद्यापाशी उसवलंय. 'काढून द्या, पाच मिनिटांत घालते टाके,' असं अगदी ओठांवर आलं होतं.

तुला अजून सूनबाई म्हणावं का, ते कळत नाही. सुरुवात थट्टेत झाली होती. आई लवकर गेली, धाकट्या भावाला मीच वाढवलं. तू घरात आलीस तेव्हा मी म्हटलं, सासू नाही म्हणून सुटलीस असं समजू नकोस, इथे नणंद आणि सासू एकाच तिकिटात आहेत. तू केवढ्यानं हसलीस! तेव्हा तू मोठ्यानं हसायचीस.

आज चोवीस दिवस झाले. दुकान उघडलंय, पण शटर अर्ध्यावरच ठेवते. ओळखीची गिऱ्हाइकं वाकून आत येतात, माप देतात, आणि माझ्याकडे न बघता जातात. परवा एक बाई पडद्याचं कापड टाकून गेली. जाताना म्हणाली, "घाई नाही हो, तुमच्या सवडीनं." इतकी वर्षं तिच्या तोंडून 'घाई नाही' कधी ऐकलं नव्हतं.

तपास अधिकारी येऊन गेले. तरुण आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांचा एकच प्रश्न आहे. तू मुलांना घेऊन दुसऱ्या गावात खोली घेतलीस, ती कुणालाच माहीत नव्हती, मग धाकट्याला पत्ता कसा लागला? मी म्हटलं, मला काय माहीत. मग त्यांनी तुझ्या जबाबातलं एक वाक्य मला वाचून दाखवलं. "पत्ता ताईंना माहीत होता, पण त्या मरतील, सांगणार नाहीत."

म्हणून लिहितेय. तुझ्या मनात काही राहू नये. मी त्याला पत्ता सांगितला नाही. माझ्या तोंडून एक अक्षर गेलेलं नाही. कुणाचीही शपथ घ्यायला तयार आहे. कुणाची घेणार म्हणा. ज्यांची घेतली असती ती दोघं आता नाहीत.

काही खातेस का? कामावर परत गेलीस का? पावाच्या कारखान्यातलं ते पॅकिंग उभ्यानं करायचं असतं, तुझे पाय सुजतात. पायांखाली उशी घेऊन झोपत जा.

ताई


१७ ऑक्टोबर

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. "ताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. वॉर्डनबाईनंच सांगितलं असणार. मी तिला सोडणार नाही." तीन वाक्यं. दिवसभर ती चिठ्ठी ब्लाउजच्या आत ठेवून मशीनवर बसले होते. घामानं शाई पसरली.

आश्रयगृहाच्या वॉर्डनबाईंना मी एकदाच पाहिलंय. तू घरातून निघालीस त्या दिवशी मुलांचे कपडे कापडाच्या गाठोड्यात लपवून मीच तिथे पोचवले होते. त्यांनी गाठोडं सोडलं आणि म्हणाल्या, "एवढे खिसे कुणाच्या शर्टाला?" मी म्हटलं, "आमच्या बटण्याच्या. त्याला दगड ठेवायला वेगळा खिसा लागतो, खडूला वेगळा." त्या म्हणाल्या, "मग तर मोठा कारभार आहे साहेबांचा." तुला खोलीही त्यांनीच शोधून दिली होती ना? आता त्यांना कामावरून बाजूला केलंय, चौकशी लागलीय, असं वर्तमानपत्रात आलंय. त्यांच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगानं काहीबाही लिहिलंय.

त्यांनी सांगितलं असेल असं मला वाटत नाही गं. का वाटत नाही ते नीट सांगता येत नाही.

सूनबाई, एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. बटण्याच्या वेळी तुला दिवस गेले होते तेव्हाचा उन्हाळा आठवतो? तू ड्रेस शिवायला टाकलेस आणि म्हणालीस, "ताई, या वेळी बाह्या पूर्ण ठेवा, मनगटापर्यंत." एवढ्या उकाड्यात. मी माप घ्यायला तुझा हात धरला आणि तू हात मागे घेतलास. मी बघितलं होतं. कोपराच्या वर, चार बोटांचे वळ. मी टेप गळ्यात टाकली आणि विचारलं, "कफ लावू की नुसती पट्टी?" दुसरं काही विचारलं नाही. तीन ड्रेस शिवले, तिन्हींना पूर्ण बाह्या. गळा पण थोडा वर घेतला, तू न सांगता. तू पैसे द्यायला लागलीस तर मी म्हटलं, घरच्या माणसाकडून कसले घ्यायचे. मोठं मन दाखवलं.

आमच्या घरात असंच होतं. वडील आईवर हात टाकायचे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मलमाची ट्यूब आमच्या खिडकीत ठेवून जायच्या. कधी दार वाजवलं नाही, कधी आईला विचारलं नाही. आई ती ट्यूब वापरायची आणि रिकामी झाली की परत तिथेच ठेवायची. धाकटा नापास झाला की प्रगतिपुस्तक वडिलांच्या चष्म्याखाली ठेवून बाहेर पळायचा. बोलायचं नाही, दिसेल असं ठेवायचं. आम्ही भावंडं यातच वाढलो.

हे सगळं आत्ता का लिहितेय? अजून एक सांगायचं राहिलंय म्हणून.

पत्ता मी लिहून ठेवला होता. मापाच्या वहीत. तू फोनवर बजावलं होतंस, "लिहू नका ताई, डोक्यात ठेवा." मी हो म्हटलं होतं. पण मुलांच्या नव्या शाळेच्या गणवेशाची मापं तुझी मास्तरीण सांगत होती ना, ती काय साधंसुधं प्रकरण होतं! आठ वर्षांची पोर, पण आव बघावा. "आत्या, लिही. बटण्या, छाती चोपन्न. बटण्या हलू नको! आत्या, तो पोट फुगवतोय, दोन कमी लिही. माझी उंची एकशे सव्वीस, पण तू एकशे तीस लिही, मी वाढणारे." आणि शेवटी म्हणाली, "आता पत्ता घे. तुझ्या वहीत नाव पहिल्या ओळीत, पत्ता दुसऱ्या, मग मापं. मला माहितीये." माझा हात चालू होता. गिऱ्हाईक बोलतं तसं लिहीत जायचं, तीस वर्षांची सवय. लिहून झाल्यावर लक्षात आलं. पान फाडायला हवं होतं. तिच्या तोंडची मापं होती, फाडवेना.

तर धाकटा कधीतरी दुकानात येऊन गेला असेल आणि मी आतल्या खोलीत असताना त्यानं वही चाळली असेल. तसं झालं असावं. एवढंच मला म्हणायचंय.

ताई


२ नोव्हेंबर

सूनबाई,

मागच्या पत्रात मी 'असेल', 'असावं' असं लिहिलं. ते खोटं आहे. मला सगळं ठाऊक आहे. मी तिथेच होते.

पंधरा दिवस हे पत्र लिहून फाडतेय. तुझं उत्तर आलं नाही. वकीलबाई सांगत होत्या की वॉर्डनबाईंवर तू रीतसर तक्रार दिलीस. म्हणजे माझं पत्र वाचूनही तुला वाटतंय की वही हा योगायोग असेल आणि खरी दोषी तीच. तू माझ्यासाठी पळवाट शोधते आहेस. मला ते सहन होत नाही.

तो गुरुवारी आला. तेरा सप्टेंबरला, साडेअकराच्या सुमाराला. मी एका बाईच्या परकराला पट्टी मारत होते. तो फिरता वायरमन, अशा वेळी कामावर असायचा, म्हणून दचकले. दाढी वाढलेली, शर्ट गळ्याशी ढगळ झालेला. मी शिवलेलाच शर्ट, म्हणजे माणूस केवढा उतरला होता ते मला लगेच कळलं.

म्हणाला, "ताई, तुझ्याकडे आलो नाही तर कुणाकडे जाऊ?"

मी म्हटलं, "जेवलास?"

"भूक नाही. मुलांना लांबून बघायचंय फक्त. शाळेच्या फाटकापाशी उभा राहीन. ती मला बघणार पण नाहीत."

"मला नको सांगूस. मी सांगणार नाही, तुला माहितीये."

"सांगू नकोस," तो म्हणाला. "मी कुठे सांग म्हणतोय."

आणि रडायला लागला. कापायच्या टेबलाखाली, जिथे तो लहानपणी वडिलांच्या भीतीनं लपायचा, तिथे खाली बसला आणि टेबलाच्या पायाला डोकं टेकून रडला. सदतीस वर्षांचा बाप्या. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांना वास येत होता. माझ्या मनात काय आलं ते सांगते, सूनबाई. तुझे हात आले नाहीत. माझ्या मनात आलं, पोराला कुणी न्हाऊ घालत नाही.

मग मी उठले. कपाटातून मापाची वही काढली. परकराच्या बाईचं माप बघायचं होतं, असं मी स्वतःलाच सांगितलं. तिचं पान पुढे आहे, मी मागचं उघडलं. मुलांचं. वही टेबलावर ठेवली, पान उलटू नये म्हणून वर कात्री ठेवली, आणि म्हटलं, "चहा टाकते."

चहाला पाच मिनिटं लागतात. मी पाऊण तास आत होते. चहा उकळला, आटला, पुन्हा पाणी घातलं. कपाटातल्या बश्या उगाच काढून धुतल्या, आवाज करत, म्हणजे त्याला कळावं की मी बाहेर येत नाहीये.

बाहेर आले तेव्हा वही मिटलेली होती. कात्री तिच्या जागी लटकवलेली होती. तो नेहमी माझी कात्री जागेवर ठेवायचा, तेवढी शिस्त मी लावली होती त्याला. चहा प्यायला. म्हणाला, "तुझ्या हातचा चहा म्हणजे चहा."

म्हणून मी शपथेवर सांगू शकत होते की माझ्या तोंडून एक अक्षर गेलं नाही.

मला वाटलं होतं, बाप आहे, बघेल लांबून. त्याला रडू येईल, सुधारेल. तू चिडशील, मी तुझी समजूत काढीन. कसली समजूत आणि कसलं काय. शनिवारी तू सकाळच्या पाळीला गेलेली, मुलांना सुट्टी. त्यानं दार वाजवलं आणि मास्तरणीनं 'कोण?' विचारलं, असं तुझ्या घरमालकीणबाईंनी जबाबात सांगितलंय. त्यांनी जिन्यातून ऐकलं. "कोण?" "मी गं, बाबा." तू तिला शिकवलं होतंस की अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. तिनं नियम पाळला. त्यानं आधी दोघांना मारलं, मग स्वतःला. तू दोन वाजता पोचलीस. मला हे लिहायला हवं होतं. मी हा सगळा मजकूर 'जे झालं ते' एवढ्या तीन शब्दांत बसवत आले होते.

उद्या मी तपास अधिकाऱ्यांकडे जाणार आहे.

ताई


११ नोव्हेंबर

तुला सूनबाई म्हणून हाक मारायची नाही असं ठरवलंय. दुसरं काय लिहावं सुचत नाही, म्हणून हाकेविना सुरू करते.

उद्या जाते म्हणाले आणि तीन दिवसांनी गेले. सोबत वही नेली. कार्यालयात टंकलेखन करणारा कारकून होता. मी बोलत होते आणि तो टाइप करत होता. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "चहा टाकायला गेलात की चहा करायला गेलात?" मी म्हटलं, "काय फरक पडतो?" तो म्हणाला, "बाई, मला नाही पडत, साहेबांना पडेल." अधिकारी आले, वाचलं. मग म्हणाले, "वही उघडी ठेवणं हा गुन्हा आहे का, ते मला वरिष्ठांना विचारावं लागेल." मी विचारलं, "आणि नसला तर?" ते म्हणाले, "तर तुम्ही घरी जाल." एवढी वाईट शिक्षा माझ्या डोक्यात आली नव्हती.

वॉर्डनबाईंना निर्दोष ठरवल्याचं पत्र चारच दिवसांत निघालं. ते घ्यायला त्या आल्या होत्या, मला सही करायला बोलावलं होतं. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. मी ओळख दिली. मला वाटलं थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, "तुम्हीच का त्या खिसेवाल्या?"

मी मान हलवली.

"दारावर लिहिलेलं मी दोनदा घासून काढलं," त्या म्हणाल्या. "लोक लिहितात, लोकांचं काय. पण महिनाभर मी रोज आठवत बसायचे, कुणाशी बोलले, कुणापुढे त्या गावाचं नाव घेतलं. आणि एक दिवस मला आठवलंसुद्धा. दूधवाल्यापुढे मी ते नाव घेतलंय, असं मला स्वच्छ आठवलं. असं काही झालंच नव्हतं. तुमच्यामुळे मी स्वतःवर खोटी साक्ष द्यायला तयार झाले होते."

मी म्हटलं, "माफ करा म्हणायची माझी लायकी नाही."

"मग नका म्हणू," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून उठल्या. चार पावलं जाऊन परत वळल्या. "तिनं तुमच्याबद्दल काय सांगितलं होतं माहितीये? आश्रयगृहात आम्ही विचारतो, घरात विश्वासाचं कोण आहे. तिनं तुमचं एकच नाव लिहिलं होतं. आम्ही दोन नावं मागतो. दुसऱ्या ओळीत तिनं रेघ मारली."

मी सही केली. घरी आले. पडदे नेण्यासाठी त्या बाईनं कुणालातरी पाठवलं होतं, ती स्वतः आली नाही.


२६ नोव्हेंबर

वकीलबाईंकडून तुझा निरोप मिळाला. यापुढे पत्र पाठवायचं नाही. एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्यायचं आणि थांबायचं. वकीलबाईंनी तो कागदावर लिहून आणला होता, म्हणजे त्यांच्याकडून शब्द इकडेतिकडे होऊ नयेत. "तो असं करेल, हे तुम्हाला माहीत होतं का?"

तपास अधिकाऱ्यांनीही हेच विचारलं होतं. त्यांना मी 'नाही' म्हणाले. कारकुनानं तसं टाइप केलं आहे.

तुला खरं सांगते. तो दुकानातून निघताना पायरीवर थांबला. माझ्याकडे पाठ होती. म्हणाला, "ताई, आम्ही सगळे गेलो तर तू एकटी राहशील ना नीट?" मी विचारलं, "कुठे जाताय?" तो म्हणाला, "असंच विचारलं." आणि गेला.

मी मशीनवर बसले. पायडलवर पाय ठेवला आणि तो चालेना, इतका थरथरत होता. म्हणजे मला कळलं होतं. डोक्याला कळायच्या आधी पायाला कळलं होतं. 'आम्ही सगळे' म्हणाला होता तो. तू आणि मुलं त्याच्यापासून वेगळी होऊन चार महिने झाले होते.

फोन समोर होता. तुझा नंबर मला पाठ आहे. मी तो उचलला. पहिले चार आकडे दाबले आणि माझ्या मनात आलं, ती विचारेल, त्याला पत्ता कसा कळला? आणि मला सांगावं लागेल की मी वही उघडी ठेवली. तुझा आवाज कसा होईल ते मला ऐकू आलं. मी फोन ठेवला. ठरवलं, संध्याकाळी करू, तोवर काहीतरी नीट सांगता येण्यासारखं सुचेल. संध्याकाळी वाटलं, आपण उगाच घाबरलो. शुक्रवारी चूक केली, एकाच ब्लाउजला दोन उजव्या बाह्या जोडल्या. पुन्हा उसवल्या. पुन्हा फोन हातात घेतला. त्या दिवशी दुपारी तू स्वतःच फोन केलास, आठवतं? गणवेश पोचले म्हणून. मागे मास्तरीण ओरडत होती, "आत्याला सांग, एकशे तीस लिहिलं ते बरोबर होतं, मी वाढले!" तू म्हणालीस, "ताई, तुमचा आवाज असा का येतोय? बरं नाही का?"

मी म्हणाले, "सर्दी झालीय."

तू म्हणालीस, "काढा घ्या आणि झोपा. दुकान एक दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही."

मी म्हणाले, "बरं."

मग तू फोन ठेवलास. शुक्रवारी दुपारचे तीन वाजले होते. तो शनिवारी सकाळी दहाला पोचला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे.